फोन कलवून खेळायचा उड्यांचा गेम: कोलिजनचा (टकरीचा) कोड लिहिण्याआधी

फोन डावी-उजवीकडे कलवायचा आणि आपोआप उड्या मारणाऱ्या पात्राला एकेका फळीवरून वर न्यायचं. २००९ साली आलेल्या ‘डूडल जंप’मुळे हा प्रकार घरोघरी पोचला. पहिल्या गेमसाठी तो चांगलाच आहे, कारण इथे टकरीचा प्रश्न एकच: पात्र वरून येऊन फळीवर टेकलं का?

सुरुवातीला फोनचा कल मोजणारा सेन्सर बाजूला ठेवा आणि गेम कीबोर्डच्या बाणांवर चालवा. टक्कर चुकतेय की फोनचं रीडिंग थरथरतंय, हे दोन्ही एकत्र असताना कळत नाही. हिटबॉक्स, म्हणजे टक्कर तपासायला पात्राभोवती आणि फळीभोवती धरलेले अदृश्य चौकोन, रंगीत रेषांनी पडद्यावर काढायची सोयही याच वेळी करून घ्या. तासन्‌तास वाचतात. पात्राच्या चित्राभोवतीची मोकळी जागा हिटबॉक्समध्ये घेऊ नका, आणि पायांची रुंदी अंगापेक्षा थोडी कमी धरा. नाहीतर पात्र हवेत उभं राहिल्यासारखं दिसतं.

आता मुख्य गोष्ट. दोन चौकोन एकमेकांवर आले का, एवढंच तपासून भागत नाही. खालून वर जाताना डोकं फळीला लागलं तरी कोड त्याला ‘टेकलं’ म्हणेल. म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये (पडद्यावरचं चित्र नव्याने काढलं जातं त्या प्रत्येक वेळी) पात्र हलवण्याआधी पायांची जुनी उंची एका व्हेरिएबलमध्ये जपून ठेवा. पात्र खाली येत असेल, मागच्या फ्रेमला पाय फळीच्या वरच्या कडेवर किंवा तिच्याही वर असतील, आता त्या कडेवर किंवा खाली असतील आणि आडव्या दिशेने दोघं एकमेकांवर येत असतील, तरच टेकलं म्हणायचं. मग पाय नेमके त्या कडेवर आणून ठेवा आणि उडीचा वेग द्या. एकाच फ्रेममध्ये दोन फळ्या ओलांडल्या गेल्या, तर वरची निवडा.

हे का, ते आकड्यांत पाहा. गुरुत्व सेकंदाला सेकंदाला २००० पिक्सेल आणि उडीचा वेग सेकंदाला १००० पिक्सेल धरला तर उडी २५० पिक्सेल उंच जाते आणि परत त्याच पातळीला येताना वेग पुन्हा १००० होतो. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर एका फ्रेममध्ये पात्र सुमारे १७ पिक्सेल सरकतं, ३० असतील तर ३३. पायांच्या हिटबॉक्सची पट्टी ८ पिक्सेल आणि फळी १२ पिक्सेल जाड असेल, तर नुसती चौकोनांची तपासणी २० पिक्सेलपर्यंतचीच झेप पकडते. वेगवान फोनवर नीट चालणाऱ्या गेममध्ये मंद फोनवर पात्र फळीतून आरपार जातं ते यामुळे. फळ्यांमधलं अंतरही याच २५० वरून ठरवा, थोडं राखूनच. हालचालीचा हिशोब ठरावीक पावलाने, म्हणजे १/६० सेकंदाने करा. फ्रेम उशिरा आली तर दोन पावलं टाका.

पात्र वर चढतं तेव्हा फळ्या खाली ओढू नका, कॅमेरा वर न्या. फळ्या सरकवल्या की जपून ठेवलेली जुनी उंची निरुपयोगी होते. वरखाली हलणारी फळी हवीच असेल, तर तिचीही मागच्या फ्रेमची उंची ठेवावी लागेल. सुरुवातीला ती नको.

एवढं झालं की सेन्सर जोडा. कलण्याने फक्त आडवा वेग ठरू द्या. पात्राची जागा थेट रीडिंगवरून कधीच ठरवू नका, टक्कर तपासायला मधला प्रवासच उरत नाही. अँड्रॉइड रीडिंग मीटर प्रति सेकंद वर्गात देतं, आयफोन गुरुत्वाच्या पटीत, आणि दोघांची चिन्हंही उलटी असतात. युनिटीसारखं इंजिन (गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर) हे सांभाळून घेतं. थेट लिहिणार असाल तर आधी रीडिंग पडद्यावर छापून पाहा. फोन आडवा धरला तरी अँड्रॉइडमध्ये सेन्सरचे अक्ष फिरत नाहीत, तेव्हा गेम उभाच ठेवणं सोयीचं. शून्याजवळचा थोडा भाग सोडून द्या, आणि नवं रीडिंग जुन्यात थोडं थोडं मिसळत जा, म्हणजे हाताची थरथर पात्रात उतरणार नाही.

मित्राला द्यायच्या आधी फ्रेम मुद्दाम २० वर आणा आणि उंचावरून पात्र सोडून पाहा. डाव्या कडेने बाहेर पडून उजवीकडून येणारं पात्र ठेवलं असेल, तर कडेला चिकटलेल्या फळीवरही एकदा उतरवून पाहा.