पी-व्हॅल्यू आली, आता तिचा अर्थ कसा लावायचा?

पी-व्हॅल्यू 0.03 आली की "नल हायपोथेसिस (म्हणजे खरं तर काहीच फरक नाही हे गृहीतक) खरी असण्याची शक्यता 3 टक्के" असं बरेच जण बिनधास्त लिहून टाकतात, अगदी थीसिसमधे पण, आणि ते साफ चूक आहे. अहो, हा आकडा काढतानाच आपण नल खरी धरलेली असते, मग ती खरी आहे की नाही हे तोच आकडा कसा सांगेल? तो एवढंच सांगतो की खरंच काही फरक नसेल तर आपल्याला मिळाला तसा किंवा त्याहून टोकाचा डेटा निव्वळ योगायोगाने किती वेळा येईल.

नाणं घ्या. 100 वेळा उडवलं, 60 छापे पडले. नल काय, तर नाणं सरळ आहे. सरळ नाण्यावर 60 किंवा जास्त, नाहीतर 40 किंवा कमी छापे पडायची शक्यता 0.057 च्या आसपास येते, हीच पी-व्हॅल्यू. 61 पडले असते तर 0.035. पी-व्हॅल्यू 0.05 च्या खाली आली की निकाल "सिग्निफिकंट", म्हणजे निव्वळ योगायोग नसावा, असं धरायची पद्धत आहे. आता एका छाप्यामुळे नाणं खोटं ठरलं का? 0.05 ही काही निसर्गाची रेघ नाहीये, संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने 1925 मधे 20 पैकी 1 ही सोयीची मर्यादा म्हणून वापरली आणि पुढे सगळ्यांनी तीच धरली. 2012 मधे भौतिकशास्त्रज्ञांनी हिग्ज बोसॉन हा मूलकण सापडल्याचं जाहीर केलं तेव्हा निकष होता पाच सिग्मा, म्हणजे साधारण 35 लाखात 1.

म्हणून मर्यादा किती आणि टेस्ट एकाच बाजूची (फक्त जास्त छापे मोजायचे) की दोन्ही बाजूंची (जास्त आणि कमी दोन्ही), हे डेटा बघायच्या आधी ठरवा आणि लिहून ठेवा. 60 छापे बघितल्यावर "मी एकच बाजू तपासत होतो" म्हटलं की 0.057 चे लगेच 0.028 होतात, नाणं मात्र तेच.

टेस्ट किती केल्या तेही मोजा. कुठेच फरक नसताना 20 वेगवेगळ्या टेस्ट केल्या तरी निदान एक तरी 0.05 च्या खाली यायची शक्यता 64 टक्के आहे. सगळ्यात सोपा उपाय बॉनफेरोनी, 0.05 ला 20 ने भागा आणि 0.0025 ची मर्यादा धरा. कडक आहे, पण प्रामाणिक आहे.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. समजा 1000 कल्पना तपासल्या, त्यातल्या 100 च खऱ्या आहेत आणि टेस्टची पॉवर, म्हणजे खरा फरक असेल तर तो पकडायची शक्यता, 80 टक्के आहे, तर खऱ्यातल्या 80 सापडतील, पण उरलेल्या 900 मधल्या 5 टक्के म्हणजे 45 पण सिग्निफिकंट दिसतील. एकूण 125 पैकी 45 खोट्या, म्हणजे 36 टक्के! सगळ्या टेस्ट नियमाने करून सुद्धा. त्यामुळे कल्पना मुळात किती पटण्यासारखी होती हा प्रश्न पी-व्हॅल्यूच्या आधी विचारायचा.

फरक केवढा आहे ते तर बघाच. 10 लाख वेळा नाणं उडवून 5,01,000 छापे आले तर पी-व्हॅल्यू 0.046 येते, पण फरक आहे फक्त 0.1 टक्क्याचा, त्याने कुणाला काय फरक पडणार?

आणि 0.05 च्या वर गेली म्हणजे "फरक नाही हे सिद्ध झालं" असंही नाही, आपल्या 60 छाप्यांचा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (छाप्यांचं खरं प्रमाण ज्यात असू शकतं तो पट्टा) साधारण 50 ते 70 टक्के आहे, त्यात सरळ नाणं पण बसतं आणि चांगलंच खोटं नाणं पण बसतं, तेव्हा सॅम्पल कमी पडलं असं म्हणा.

रिपोर्टमधे नुसतं "सिग्निफिकंट" किंवा "पी 0.05 पेक्षा कमी" लिहू नका. असं लिहा: "100 पैकी 60 छापे, 95 टक्के इंटरव्हल साधारण 50 ते 70 टक्के, पी 0.057, दोन्ही बाजूंची टेस्ट, एकच टेस्ट केली."