समुद्रकाठच्या लोकसंगीत महोत्सवाला ग्रुपने जाताय? भेटायची जागा आधी ठरवा

गर्दी वाढली की नेटवर्क जाम होतं, कॉल लागत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं घड्याळाचं चिन्ह दिसत राहतं, म्हणून आत शिरतानाच एक जागा नक्की करा आणि चुकामूक झाली तर सगळ्यांनी तिथेच यायचं असं सांगून ठेवा, साधा एसएमएस मात्र बरेचदा जातो, तो ट्राय करा. जागा पाण्याजवळ अजिबात नको! ओहोटीपासून भरतीपर्यंत बहुतेक किनाऱ्यांवर साधारण 6 तास लागतात, म्हणजे दुपारी कोरडी दिसणारी वाळू संध्याकाळी पाण्याखाली जाऊ शकते, भरतीची वेळ आधी बघाच. आणि हो, छोट्या स्टेजवर माईकशिवाय गाणारे असतात ना, त्यांना ऐकताना वारा स्टेजकडून आपल्याकडे येईल असं बसा, शब्द कितीतरी स्पष्ट ऐकू येतात.