स्वयंमचे पैसे जुन्या खात्यात अडकले होते

धडगावजवळच्या आमच्या पाड्यावरून धाकटी बहीण नाशिकला शिकायला गेली. आदिवासी वसतिगृहात जागा मिळाली नाही, म्हणून अशा मुलांना राहण्या-जेवणाचा खर्च देणाऱ्या पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजनेचा अर्ज भरला. नाशिकसाठी वर्षाला ५१,००० रुपये. अर्ज मंजूर, पण खात्यात दमडी नाही. भाडं थकलं, पोर रडकुंडीला आली.

आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग', म्हणजे सरकारी पैसे घ्यायला आधारशी कोणती बँक जोडलीय, ते पाहिलं तेव्हा उलगडा झाला. पैसे आधारशी सीड केलेल्या खात्यातच जातात, आणि तिचं ते खातं शाळेतलं, केव्हाच बंद पडलेलं! केवायसीला आधार दिलं की सीडिंग झालं असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात. तसं नाही. चालू खात्याच्या बँकेत सीडिंगचा संमती फॉर्म वेगळा भरला, शिक्का मारलेली पोच घेतली. काही दिवसांनी नव्या बँकेचं नाव दिसलं, मग हप्ता जमा झाला.