पाणी घरात शिरण्याआधी: मुंबईतल्या घराची पावसाळ्याची तयारी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्याची त्याच दिवसाची नोंद होती जेमतेम ७४ मिलिमीटर. एवढ्या अंतरात एवढा फरक पडत असेल, तर टीव्हीवरच्या 'मुंबईत मुसळधार'वर विसंबून घराची तयारी होत नाही. आपल्या गल्लीत पाणी कुठून येतं, घरात कुठून शिरतं आणि किती चढतं, हे आपलं आपल्यालाच माहीत हवं. बाकीची सगळी तयारी त्यावरच उभी राहते.

मे महिन्यात: आपल्या घराचं पाणी ओळखा

चाळीतल्या किंवा सोसायटीतल्या सगळ्यात जुन्या रहिवाशाला विचारा: 'पाणी कुठपर्यंत आलं होतं?' ते हात लावून दाखवतील. तिथे भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. त्या खुणेच्या वर वीतभर तरी जागा सोडून काय ठेवायचं आणि खाली काय ठेवायचं नाही, ते लगेच ठरतं. कपाटाचे खालचे खण रिकामे करा. फ्रिजला उंच स्टँड, पलंगाच्या पायांखाली विटा. पाणी भरणाऱ्या भागात राहत असाल आणि स्विचबोर्ड गुडघ्याच्या उंचीवर असतील, तर इलेक्ट्रिशियनला बोलावून ते छातीएवढ्या उंचीवर घ्या. हा खर्च टाळू नका.

बाहेरही एक फेरी मारा. तुंबलेलं गटार, नाल्याच्या तोंडाशी साचलेलं प्लास्टिक, झाकण नसलेलं मॅनहोल दिसलं तर महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी 'आपल्याला काय' असं म्हणू नये. पाण्याचा पंप, मीटर रूम आणि बहुतेकांच्या गाड्या तळमजल्यालाच असतात. पंप बुडाला की सातव्या मजल्यावरचा नळही कोरडा पडतो.

भरतीचं वेळापत्रक भिंतीवर हवं

मुंबईत पावसाइतकाच समुद्र महत्त्वाचा. शहराचे बरेचसे पर्जन्यजल नाले समुद्रात किंवा खाडीत उघडतात. भरती मोठी असली की समुद्राची पातळी नाल्यांच्या तोंडापेक्षा वर चढते, पाणी उलटं आत येऊ नये म्हणून दरवाजे बंद करावे लागतात आणि शहरातलं पाणी शहरातच थांबतं. ते उपसून बाहेर टाकण्यासाठी हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, ब्रिटानिया अशी पंपिंग स्टेशनं उभारली आहेत, पण त्यांच्याही क्षमतेला मर्यादा आहे.

पावसाळ्यातल्या साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या तारखा महापालिका आधीच जाहीर करते. त्या कालनिर्णयावर लाल पेनने गोल करून ठेवा. दिवसात साधारण दोन भरत्या येतात आणि त्यांची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. मोठी भरती दुपारी दोनला असेल आणि सकाळपासून जोर धरलेला पाऊस थांबत नसेल, तर पाणी भरण्याची शक्यता सगळ्यात जास्त कधी, हे तुम्हाला बारा वाजताच कळलेलं असेल. भरती ओसरेपर्यंत बाहेर न पडणं हा हिंदमाता, किंग्ज सर्कल, कुर्ला, मिलन सबवे या वाटांवरचा सगळ्यात साधा नियम.

हवामान खात्याचे रंगही घरात सगळ्यांना ठाऊक असू द्या. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्या पुढे गेलेल्या पावसाला खातं 'अत्यंत मुसळधार' म्हणतं. आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी 'सचेत' आणि विजांसाठी 'दामिनी' ही सरकारी अॅप फोनमध्ये घेऊन ठेवा.

तळमजल्यावर: आधी मोरी, मग दार

लोक दाराशी पोती रचतात आणि पाणी मागच्या मोरीतून वर येतं. आमच्या कुर्ल्याच्या मावशीकडे हे नेहमीचंच. उंबऱ्याबाहेर पाणी अजून चार बोटं खाली असतं, तेवढ्यात मोरीच्या जाळीतून बुडबुडे येतात, मागोमाग काळं पाणी आणि झुरळं. बाहेरची मलवाहिनी भरली की तिच्यातलं पाणी सगळ्यात खालच्या भोकातून वर येणारच, आणि ते भोक म्हणजे तुमची मोरी नाहीतर संडास. म्हणून आधी ते बंद करायचं.

जाड प्लास्टिकच्या पिशवीत रेती भरा. पिशवी अर्धी-पाऊणच भरायची, गच्च नाही, म्हणजे ती भांड्याच्या आकारात नीट बसते. तोंड घट्ट बांधा, ती दुसऱ्या पिशवीत घालून पुन्हा बांधा आणि संडासच्या भांड्यात दाबून बसवा. मोरीच्या जाळीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला जुन्या कपड्यांचा बोळा दाबा आणि त्यावर पाटा किंवा भरलेला हंडा ठेवा. दरवर्षी पाणी येत असेल तर प्लंबरकडून बाहेर जाणाऱ्या पाइपावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या. एकदाचा खर्च, पण मग पाणी बाहेर जातं, आत येत नाही. त्यात केस-कचरा अडकला तर तो बंद होत नाही, म्हणून मे महिन्यात उघडून साफ करा.

आता दार. वाण्याकडच्या रिकाम्या गोण्या, रेती-सिमेंटच्या दुकानातून रेती. गोण्या दोन-तृतीयांश भरा, तोंड खाली दुमडा आणि विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवत रचा. आधी ताडपत्री अंथरून ती पाण्याच्या बाजूने पोत्यांवर चढवली तर गळती खूप कमी होते. ज्यांना हे दरवर्षी करावं लागतं, त्यांनी चौकटीला दोन्ही बाजूंनी खाच करून घ्यावी आणि त्यात सरकवायला जाड फळी बनवून घ्यावी. फटीत चिकणमाती लिंपली की झालं. मात्र पाणी गुडघ्याच्या वर जाऊ लागलं की दार अडवत बसू नका. तेव्हा माणसांना वर न्यायची वेळ झालेली असते.

वीज आणि गॅस

पाणी उंबऱ्याला लागलं की मेन स्विच बंद करायचा, आत शिरायची वाट पाहायची नाही. मेन स्विच कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला, शाळकरी मुलांनाही, दाखवून ठेवा. हात ओले असताना किंवा पाण्यात उभं राहून तो बंद करायला जाऊ नका. अशा वेळी वीज कंपनीला फोन करून पुरवठा तोडायला सांगा. विजेची गळती झाल्यावर पुरवठा आपोआप तोडणारं ईएलसीबी घरात नसेल तर या पावसाळ्याआधी बसवून घ्या. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून काढून ठेवा आणि सिलिंडर खिडकीच्या ग्रीलला दोरीने बांधा, कारण रिकामा होत आलेला सिलिंडर पाण्यावर तरंगतो. पाइप गॅस असेल तर स्वयंपाकघरातला व्हॉल्व्ह बंद.

एक पिशवी, दाराजवळ

पिण्याचं पाणी माणशी रोज तीन-चार लिटर धरून तीन दिवसांचं भरून ठेवा. चुरमुरे, फरसाण, चिक्की, बिस्किटं, खजूर, लहान बाळ असेल तर दुधाची पावडर. टॉर्च, भरलेली पॉवर बँक, मेणबत्त्या, काडेपेटी प्लास्टिकमध्ये. रोजच्या गोळ्या आठवडाभराच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या झेरॉक्ससह. घरात इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर थर्मास आणि बर्फाची सोय आधीच करून ठेवा. आधार, रेशनकार्ड, घराचे कागद, पासबुक झिपच्या पिशवीत घाला, फोटो काढून डिजिलॉकरमध्ये किंवा गावच्या नातेवाइकाला पाठवा. थोडी सुटी रोकड हवीच, वीज गेली की यूपीआय चालेलच असं नाही.

पुण्यातला किंवा गावाकडचा एक माणूस ठरवा. कुणी अडकलं तर प्रत्येकाने त्यालाच निरोप द्यायचा, एकमेकांना शंभर फोन लावायचे नाहीत. त्याचा नंबर मुलांच्या दप्तरात कागदावर लिहिलेला असू द्या.

वारा

१७ मे २०२१ ला तौक्ते वादळ समुद्रातूनच पुढे गेलं, तरी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचे झोत नोंदले गेले. खिडकीच्या ग्रीलमधल्या कुंड्या आत घ्या, टाकीचं झाकण तारेने बांधा, पत्र्यांचे जे-हुक आणि वॉशर तपासून घ्या, एसीच्या बाहेरच्या युनिटचा गंजलेला ब्रॅकेट बदला. आवारातल्या झाडाच्या सुकलेल्या फांद्या स्वतः तोडू नका, विभाग कार्यालयाच्या उद्यान खात्याकडे परवानगीसाठी अर्ज करा. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून सतरा माणसं गेली, तीही पावसाळा सुरू होण्याआधीच्या वादळात. वारा सुटला की होर्डिंग, जुनं झाड, बांधकामाचा परांचा यांच्याखाली आसरा घेऊ नका.

विक्रोळी, चेंबूर, घाटकोपरच्या टेकडीउतारावर राहणाऱ्यांसाठी एवढंच, पण ते फार महत्त्वाचं: संरक्षक भिंतीला नवी भेग, फुगवटा, भिंतीतून गढूळ पाणी, तिरपे झालेले खांब यातलं काहीही दिसलं तर रात्र तिथे काढू नका. सामान मागे राहिलं तरी चालेल.

बाहेर अडकलात तर

जिथे आहात तिथेच थांबा. ऑफिस, शाळा, स्टेशन, ओळखीच्या कुणाचं घर, काहीही चालेल. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले, तेही घरापासून फार लांब नसताना. पाणी लवकर उतरावं म्हणून मॅनहोलचं झाकण कधीही उघडू नका. तुमच्यामागून येणाऱ्याला ते दिसत नाही. चालावंच लागलं तर हातात काठी, पुढचं पाऊल आधी चाचपून, विजेच्या खांबांपासून लांब. पायाला झिणझिण्या आल्या तर तिथूनच मागे फिरा. गाडी सबवेत घालू नका, आणि पाण्यात बंद पडली तर पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करू नका. इंजिनात पाणी खेचलं जाऊन ते कायमचं बिघडतं.

पाणी ओसरल्यावर

साफसफाईआधी फोटो काढा: भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेली प्रत्येक वस्तू. पंचनामा आणि विमा दोन्हींना ते लागतात. १ एप्रिल २०२१ पासून सामान्य विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित घरविमा पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात पूर आणि वादळ दोन्ही येतात, आणि घराच्या विम्यासोबत घरातलं सामानही विमा रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, आपोआप धरलेलं असतं. भिजलेला फ्रिज, पंप, मिक्सर सुकवून इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय चालू करू नका. जमिनीखालची टाकी उपसून, धुऊन, क्लोरिन टाकूनच पुन्हा भरा. तोवर पाणी उकळून प्या.

साचलेल्या पाण्यातून चालला असाल, विशेषतः पायाला जखम किंवा चिखल्या असतील, तर पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात जा. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या मूत्रातून पाण्यात उतरणारा लेप्टोस्पायरोसिस जखमेवाटे शरीरात जातो. तो होऊ नये म्हणून डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात. गरोदर बाई असो की आठ वर्षांखालचं मूल, त्यांना कोणतं औषध द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील, मेडिकलमधून परस्पर गोळी घेऊ नका. त्यानंतरच्या पंधरा-वीस दिवसांत ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही जाणवलं, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: 'मी पुराच्या पाण्यातून चाललो होतो.'