उन्हाळी वाफ्यात घोळ घ्या, कोशिंबिरीसाठी विका

होळी सरली की नागपूरच्या उन्हात मेथी-पालक फुलावर येतात आणि पालेभाजीचे भाव चढतात. नेमकी याच दिवसांत जोमाने वाढणारी भाजी आपण निंदून धुऱ्यावर फेकतो, ती म्हणजे घोळ. चिवळीची ही मोठ्या पानांची बहीण. चिवळ आपण हौसेने विकत घेतो, घोळाला मात्र तण समजतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण जवसात असतं तेच ओमेगा-3 गटातलं स्निग्धाम्ल घोळाच्या 100 ग्रॅम ताज्या पाल्यात 300 ते 400 मिलिग्रॅम सापडतं. पालेभाजीत इतकं क्वचितच मिळतं. सोबत क जीवनसत्त्व सुमारे 20 मिलिग्रॅम, शिवाय मॅग्नेशियम आणि पोटॅशियम. शिजवताना क जीवनसत्त्व घटतं, म्हणून कच्चा खावा. तुर्कस्तानात तो दह्यात कालवून खातात. आपल्याकडे कांदा, दाणकूट आणि दही घालून कोशिंबीर छान होते.

बी खसखशीहून बारीक असतं. ते बारीक वाळूत मिसळून फेका, पण मातीआड करू नका. उगवायला त्याला उजेड लागतो. काळ्या जमिनीवर पापुद्रा धरतो, तेव्हा वरच्या थरात चाळलेलं शेणखत आणि वाळू मिसळा आणि उगवेपर्यंत झारीनेच पाणी द्या. युरियाचा मारा टाळा, पानांत नायट्रेट साठतं.

महिनाभरात, फुलं येण्याआधी, बुडाशी दोन पेरं ठेवून कापणी करा, पुन्हा फुटतो. पाण्याचा ताण बसला की झाड रात्री आम्ल साठवतं, म्हणून पहाटे कापलेला पाला आंबट लागतो आणि दुपारनंतरचा सौम्य. आंबटपणा नको असलेल्या गिऱ्हाइकासाठी संध्याकाळी कापा.

तणनाशक मारलेल्या संत्र्याच्या बागेतला किंवा सांडपाण्यावरचा घोळ विकायला आणू नका. अशीच जमिनीलगत पसरणारं दुधी नावाचं तण जुडीत जाऊ देऊ नका: देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर ती दुधी. घोळातून नुसतं पाणी निघतं. यात ऑक्झॅलेट भरपूर असतं, तेव्हा मुतखड्याचा त्रास असलेल्या गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगा.

बियाण्यासाठी चार-पाच झाडं पुरतात. बाकीची झाडं बोंडं फुटण्याआधीच उपटा, नाहीतर पावसाळ्यात कपाशीत निंदणाचा खर्च वाढेल. उपटलेली झाडं ओल्या वावरात टाकू नका, खोडाचा तुकडाही मुळं धरतो.