नवी मोटरसायकल जागच्या जागी आडवी झाली तर

नवी गाडी आडवी होते ती बहुतेक वेळा उभ्या-उभ्याच. पार्किंगमधून ढकलत काढताना, सोसायटीच्या गेटसमोरच्या उतारावर, यू-टर्न घेताना हँडल पूर्ण वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला गेला म्हणून, किंवा पावसाळ्यात साइड स्टँड मऊ मातीत रुतला म्हणून. अशा पडण्यात नुकसान थोडंच होतं, पण ते नेमकं कुठे झालंय हे शोधायचा क्रम चुकतो. नजर आधी टाकीवरच्या ओरखड्याकडे जाते. बघायचं असतं आधी थ्रॉटल (उजव्या हाताने पिळायचा अॅक्सिलरेटर), मग लिव्हर, मग पुढचे फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या). रंगाचं काम सगळ्यात शेवटी.

गाडी कलायला लागली आणि तोल सुटला हे कळलं, की तिला सोडून द्या आणि पाय बाहेर काढा. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० भरते १९५ किलो. एवढं वजन एका पायावर थोपवायला गेलात तर घोटा किंवा गुडघा जातो, आणि तो दुरुस्त करणं हजार रुपयांच्या लिव्हर-आरशांपेक्षा फार महाग पडतं.

उचलण्याआधी

आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), मग चावी बंद. आडव्या गाडीचं इंजिन चालू राहिलं तर ऑइल एका अंगाला जातं, पंप ऑइलऐवजी हवा ओढतो आणि वरचे भाग कोरडे फिरतात. फ्युएल इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांमध्ये गाडी आडवी झाल्याचं ओळखणारा सेन्सर असतो आणि तो इंजिन बंद करतो. असा सेन्सर लागलेला असेल तर गाडी उभी केल्यावर नुसतं स्टार्टरचं बटण दाबून भागत नाही. चावी एकदा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावी लागते. ‘गाडी पडली आणि आता स्टार्टच होत नाही’ या तक्रारीत पुष्कळदा एवढंच असतं.

टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकत असेल तर फोटोबिटो राहू द्या, गाडी आधी उभी करा. ठिबकत नसेल आणि रस्त्याच्या मध्ये नसाल तर दोन-तीन फोटो काढून ठेवा, विम्याला लागतात.

आता उचलणं. टाकीवर छाती टेकवून, कमरेत वाकून दोन्ही हातांनी हँडल ओढणं ही पाठ धरायची खात्रीची पद्धत आहे. त्यापेक्षा हँडल गाडी पडलेल्या बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे खालची ग्रिप टाकीजवळ येते. गाडीकडे पाठ करा, खाली बसा आणि सीटच्या कडेला कंबर टेकवा. एका हातात ती खालची ग्रिप, दुसऱ्या हातात मागची ग्रॅब रेल किंवा चौकटीचा घट्ट भाग. इंडिकेटर किंवा सायलेन्सर धरू नका. पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर मागे छोटी-छोटी पावलं टाकत जा. लेग गार्ड असेल तर गाडी पूर्ण आडवी होत नाही आणि काम निम्मं होतं.

उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी पलीकडे जाऊन साइड स्टँड उघडून ठेवा. नाही तर उभी झालेली गाडी तशीच पलीकडे कलंडते आणि दुसरी बाजूही खरचटते. उजवीकडून उचलताना हातात पुढच्या ब्रेकची ग्रिप असते, त्यामुळे गाडी घरंगळू लागली तर बोटांनी ब्रेक लावता येतो. डावीकडे पडली असेल तर गाडी गिअरमध्ये असलेली बरी, म्हणजे ती घरंगळत नाही. मात्र तिथे हातात क्लच येतो; तो दाबला की गिअरचा आधार गेला. न्यूट्रलमध्येच पडली असेल तर पुढच्या ब्रेकची लिव्हर रुमालाने ग्रिपला बांधून टाका.

चालू करण्याआधी

गाडी सपाट जागी पाच मिनिटं नुसती उभी ठेवा. ऑइल आपल्या जागी परत येतं, सांडलेलं पेट्रोल उडून जातं. मग ऑइलची पातळी काचेतून किंवा डिपस्टिकने बघा. चालू केल्यावर सुरुवातीला थोडा निळसर-पांढरा धूर येऊ शकतो, कारण ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून थोडं ऑइल एअर फिल्टरच्या डब्यात गेलेलं असतं. धूर काही मिनिटांत थांबायला हवा. नाही थांबला तर फिल्टरचा डबा उघडून बघा. फिल्टर ऑइलने भिजला असेल तर तो बदलायचा.

थ्रॉटल तपासल्याशिवाय गाडीवर बसू नका. उजवीकडे पडलेल्या गाडीचा बार एंड (हँडलच्या टोकाला बसवलेला तुकडा) आत दाबला जातो आणि रबरी ग्रिपला घासू लागतो. मग थ्रॉटल पिळला की जाग्यावर परत येत नाही. इंजिन बंद ठेवून थ्रॉटल पूर्ण पिळा आणि सोडून द्या, ‘टक्‌’ आवाज करत तो मागे यायला हवा. हँडल डावीकडे पूर्ण वळवून, सरळ ठेवून आणि उजवीकडे पूर्ण वळवून, असं तिन्ही वेळा करा. ग्रिप आणि बार एंडमध्ये एक-दोन मिलिमीटर फट दिसली पाहिजे. नसेल तर बार एंडचा स्क्रू सैल करून तो बाहेर घ्या. आत चेपला असेल तर काढूनच टाका. बार एंडशिवाय गाडी घरापर्यंत जाते, अडकलेल्या थ्रॉटलने नाही.

पुढच्या ब्रेकची लिव्हर दोन-चार वेळा दाबा. गाडी आडवी असताना ब्रेक ऑइलच्या डबीतली हवा मास्टर सिलिंडरमध्ये (लिव्हरजवळच्या ब्रेकच्या पंपात) शिरू शकते, मग लिव्हर स्पंजासारखी लागते. सावकाश दाबत राहिल्यावर कडक झाली तर ठीक. नाही झाली तर ब्रेक ब्लीड करून, म्हणजे आतली हवा काढून घ्यावा लागेल. डबीच्या झाकणातून ब्रेक ऑइल गळलं असेल तर ती जागा लगेच भरपूर पाण्याने धुवा, कारण ते रंग खातं. शेवटी इंडिकेटर, मागचा दिवा, हॉर्न, आणि साइड स्टँडचा सेन्सर. स्टँडची पट्टी वाकली की सेन्सरला स्टँड उघडाच वाटतो आणि गिअर टाकताच इंजिन बंद पडतं.

लिव्हर, पेडल, आरसे

ब्रेक आणि क्लचच्या लिव्हर ओतीव अॅल्युमिनियमच्या असतात. एकदा वाकलेली लिव्हर उलटी वाकवली की बाकावर बारीक चीर पडते, आणि ती तुटते नेमकी जोरात दाबल्यावर. घरी पोचण्यापुरती पाइप घालून हळूहळू थोडी सरळ केली तर चालेल, मग नवीच घ्या. टोकाचा गोल मणी तुटला असेल तरी लिव्हर बदला, कारण त्या अणकुचीदार टोकाने पुढच्या वेळी हात फाटतो. नव्या क्लच लिव्हरला मुळाशी दोन-तीन मिलिमीटर ढिलाई ठेवा. लिव्हरच्या क्लॅम्पचे बोल्ट अगदी कचकचून आवळू नका; जोरात धक्का दिला तर क्लॅम्प हँडलवर फिरेल इतपतच घट्ट असू द्या. मग गाडी पडली तरी लिव्हर तुटण्याऐवजी फिरते.

गिअर लिव्हर पोलादी असते आणि सरळ करता येते, पण गाडीवर बसवलेली असताना कधीच नाही. पाइप घालून जागेवर ओढली की तो जोर गिअरच्या शाफ्टवर येतो, शाफ्ट वाकतो, ऑइल सील गळायला लागतं आणि शंभर रुपयांचं काम इंजिनपर्यंत जातं. लिव्हर कुठल्या दात्यावर बसली आहे तिथे शाफ्टवर आणि लिव्हरवर मिळून एक रंगाची रेघ मारा. पिंच बोल्ट (लिव्हर शाफ्टवर आवळून धरणारा) नुसता सैल करून भागत नाही, तो पूर्ण काढावा लागतो, कारण बोल्ट शाफ्टच्या खाचेतून आडवा जातो. लिव्हर व्हाइसमध्ये धरून सरळ करा आणि रेघ जुळवून बसवा. तेवढ्यात शाफ्टभोवतीचं सील ओलं दिसतंय का ते बघून घ्या. मागच्या ब्रेकच्या पेडललाही हेच लागू. ते सरळ केल्यावर ब्रेक लाइटचा स्विच पुन्हा जुळवायचा विसरू नका.

आरसा नुसता फिरला असेल तर लॉकनट सैल करून सरळ करा. यामाहाच्या गाड्यांना उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, म्हणून फिरत नाही असं वाटलं की जोर लावण्याआधी दुसऱ्या दिशेने फिरवून बघा.

लेग गार्ड वाकून इंजिनच्या झाकणाला टेकला असेल तर तो काढूनच सरळ करून घ्या. गाडीवरच ठोकला तर हादरे इंजिनच्या माउंटिंगवर जातात.

हँडल तिरकं दिसतंय

गाडी सरळ चाललीय पण हँडल एका बाजूला आहे, अशी अवस्था झाली की लोक घाबरतात आणि काही गॅरेजवाले थेट चेसिस, म्हणजे गाडीची चौकट वाकल्याचा विषय काढतात. जागच्या जागी पडलेल्या गाडीत बहुतेक वेळा फोर्क वाकलेले नसतात, फक्त त्यांना वर आणि खाली धरणाऱ्या ब्रॅकेटमध्ये पिळले गेलेले असतात. गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढचं चाक जमिनीपासून सुटू द्या. पुढच्या अॅक्सलचा नट, मडगार्डचे बोल्ट आणि खालच्या ब्रॅकेटचे पिंच बोल्ट थोडे सैल करा. वरच्या ब्रॅकेटचे बोल्ट सैल करू नका, नाही तर फोर्क वर सरकतील. गाडीसमोर उभं राहून चाक गुडघ्यांत घट्ट धरा आणि हँडलला उलट दिशेने झटका द्या. समोरून दोन्ही नळ्या एका रेषेत दिसल्या की गाडी स्टँडवरून उतरवा, पुढचा ब्रेक दाबून तीन-चार वेळा पुढचा भाग दाबा, मग आधी खालचा ब्रॅकेट, नंतर अॅक्सल आणि शेवटी मडगार्ड आवळा. इथे अंदाजाने आवळणं नको. मॅन्युअलमधला आकडा बघून टॉर्क रेंचच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) वापरा.

एवढं करूनही हँडल तिरकं राहिलं तर हँडलबारच वाकलाय. तो बदला, सरळ करत बसू नका. फोर्क दाबताना मध्येच अडकत असतील किंवा दोन-चार दिवसांत सीलभोवती तेलाचं कडं दिसलं तर नळी वाकलेली किंवा सील गेलेलं असू शकतं. ते काम सर्व्हिस सेंटरचं.

विम्यातून घ्यायचे की खिशातून द्यायचे?

दुरुस्ती सुरू करण्याआधी हे ठरवा, कारण क्लेम करायचा तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरने (नुकसान तपासणाऱ्याने) पाहण्याआधी काही बदलता येत नाही. दुचाकीला सक्तीची वजावट शंभर रुपयांची आहे. झिरो डेप (घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, न कापणारं कव्हर) नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांची निम्मी किंमत तुमच्याकडून जाते. सहा महिन्यांच्या आतल्या गाडीच्या धातूच्या भागांवर घसारा नाही.

नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जाईल या भीतीने कित्येक जण क्लेमच करत नाहीत. हिशोब करून बघा. बोनस चढतो तो २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा. पहिल्या वर्षी क्लेम केला तर प्रत्येक पायरी एक वर्ष उशिरा येते, म्हणजे पाच वर्षांत गमावता अनुक्रमे २०, ५, १०, १० आणि ५ टक्के. बेरीज होते एका वर्षाच्या ओन डॅमेज प्रीमियमच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानासाठीच्या हप्त्याच्या) निम्मी. तो प्रीमियम पंधराशे असेल तर नुकसान साधारण साडेसातशे रुपये. वजावट आणि घसारा जाऊन हातात त्याहून बरंच जास्त येणार असेल तर क्लेम करा. फक्त आरसा आणि लिव्हर गेली असेल तर खिशातूनच द्या. पुण्यात नाना पेठेत हे भाग सहज मिळतात. झिरो डेपच्या पॉलिसीत वर्षाला किती क्लेम चालतात तेही वाचून घ्या.

इंजिनच्या झाकणाची चीर आणि मग रंग

क्लच किंवा मॅग्नेटच्या झाकणाला चीर जाऊन ऑइल पाझरत असेल तर तात्पुरता उपाय एम-सील किंवा धातूसाठीचा इपॉक्सी. गाडी दुसऱ्या बाजूला कलती ठेवा म्हणजे पाझर थांबेल. जागा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, थिनरने पुसा, पूर्ण कोरडी होऊ द्या आणि चिरेच्या पलीकडे बोटभर रुंदीपर्यंत लेप द्या. इपॉक्सी धरत नाही त्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच, खाली राहिलेलं तेल. कायमचा उपाय नवं झाकण आणि नवी गॅस्केट.

ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकत नसेल तर ओरखडा फक्त लॅकरमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात आहे. गाडी धुवून घ्या, २००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा, मग ३००० नंबरचा, मग रबिंग कंपाउंड आणि पॉलिश. टाकीच्या कडांवर पेपर फिरवू नका, तिथे लॅकर पातळ असतो. नख अडकत असेल पण प्रायमर दिसत नसेल तर कंपनीच्या रंगाच्या कोडप्रमाणे टचअप घ्या आणि ब्रशऐवजी टूथपिकने भरा. पातळ थर, मध्ये अर्धा तास, रंग आजूबाजूच्या पातळीहून किंचित वर येईपर्यंत. दोन-चार दिवस वाळू दिल्यावर २००० नंबरने सपाट करा. उघडा पत्रा दिसत असेल तर त्यावर आधी प्रायमर हवाच. कोकणातल्या पावसात उघडी टाकी आठवड्यातही गंज धरते. तेवढा वेळ नसेल तर निदान पारदर्शक नेलपॉलिशचा एक थर देऊन ठेवा.

मॅट रंगाच्या गाडीला यातलं काहीही लावू नका, कंपाउंड तर नाहीच. घासलेली जागा चकाकायला लागते आणि तो चकाकता डाग परत मॅट होत नाही. मॅटवर ओरखडा खोल असेल तर तो अख्खा भागच रंगवून घ्यावा लागतो, आणि साइड पॅनलसारखा छोटा भाग असेल तर रंगवण्यापेक्षा नवा बसवणं बऱ्याचदा स्वस्त पडतं.