डोझरचा स्टिअरिंग क्लच गंजून जाम झाला? खोलाच्या आधी हे करून पाहा

पावसाळाभर धुऱ्यावर उभा असलेला जुना डोझर दिवाळीनंतर चालू केला, इंजिन लागलं, पहिला गिअर पडला, गाडी निघाली, अन् डावा लिव्हर पोटापर्यंत ओढला तरी ते धूड आपलं सरळच चाललं. राजेहो, हे आपल्याकडं लय जागी होते. मिस्त्री येते, एक नजर टाकते अन् म्हणते डिझेल टाकी काढा, सीट काढा, पूर्ण खोला लागते. लागतेही कधीकधी. पण गंजून चिकटलेला क्लच बऱ्याचदा न खोलता सुटते, फक्त घाई नको पाहिजे. म्हणून आधी न खोलता काय काय कराचं ते सांगतो, खोलाचं मग पाहू.

आत काय असते ते डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. ट्रॅक्टरसारखं डिफरेन्शियल यात नसते. गिअरबॉक्समधून ताकद बेव्हल गिअरवर येते, तिथून आडवा शाफ्ट दोन्ही बाजूले जाते, अन् दोन्ही टोकांवर एकेक क्लच. क्लच म्हणजे आतला ड्रम, बाहेरचा ड्रम अन् दोघांच्या मधात प्लेटांचा गठ्ठा, एक लोखंडी, एक लायनिंगवाली, पुन्हा लोखंडी, असं. लोखंडीचे दाते एका ड्रममध्ये अडकतात, लायनिंगवालीचे दुसऱ्यात. जाड स्प्रिंगा सगळं दाबून ठेवतात म्हणून ताकद ट्रॅकले जाते. लिव्हर ओढला की स्प्रिंगा दबतात, प्लेटा मोकळ्या होतात, ती बाजू सुटते अन् गाडी तिकडं वळते. बाहेरच्या ड्रमवर ब्रेकचा पट्टा असते, हे लक्षात ठेवा, पुढं कामाचं आहे.

आता चार महिने पाणी शिरलं तर? सीटखालच्या झाकणातून, लिव्हरच्या खाचेतून थेंब थेंब आत जाते, त्यात आपल्या काळ्या मातीची धूळ आधीच बसलेली, प्लेटांवर गंज फुगते अन् ओल्या वहीची पानं वाळल्यावर चिकटतात तसा तो गठ्ठा एकजीव होते. लिव्हर ओढल्यावर स्प्रिंग बरोबर दबते, पण प्लेटा एकमेकींले सोडत नाहीत. म्हणून लिव्हर नेहमीसारखाच जड लागते तरी गाडी वळत नाही. लिव्हर एकदम हलका लागत असन, कुठंच दाब येत नसन, तर मामला वेगळा, काडी तुटली किंवा पिन निघाली असन, ते आधी पाहा. लिव्हरची मोकळी चाल पण पाहा, ती लय जास्त असली तर क्लच पूर्ण दबतच नाही अन् आपण उगाच गंजाले शिव्या देतो. चाल किती पाहिजे ते त्या मॉडेलच्या पुस्तकात असते, दुसऱ्या मशीनचं माप लावू नका.

अन् उलटं लक्षण, म्हणजे लिव्हर न ओढताच लोडवर एक बाजू मागं राहते, गाडी तिकडं खेचते, तर क्लच जाम नाही, घसरते आहे. सील गळून तेल आलं असन नाहीतर लायनिंग संपली असन. त्याले हा इलाज नाही.

पहिलं काम, क्लच सुका आहे की ओला ते पक्कं करा. कॅटरपिलरच्या जुन्या मशीन, 1938 ते 1957 पर्यंत निघालेला डी-2 किंवा त्या काळचा डी-4, यांचे क्लच सुके. बेमल-कोमात्सूच्या मोठ्या मशीनमध्ये ओले क्लच येतात, तिथं आत तेल असणं बरोबरच आहे, ते काढून डिझेलनं धुवाले जाल तर चांगल्या मशीनचं वाटोळं. मी खाली सांगतो ते सगळं सुक्याचं.

सपाट जागी उभी करा. ब्लेड जमिनीवर टेकवा, ट्रॅकच्या पुढं-मागं ओंडके लावा, बॅटरीची तार काढा. मग क्लचच्या खोलीच्या तळाले जो ड्रेन बोल्ट आहे तो काढा, दोन्ही बाजूचा. बऱ्याच वेळा बोल्ट निघते अन् थेंबही पडत नाही, तर खुश होऊ नका, भोक चिखलानं बुजलेलं असते. तार घालून खुरडा. आधी एक काळा गोळा पडते, अन् मग विटकरी पाणी असं धो धो येते की बादली लावा लागते. शेवटी शेवटी गंजाचे पापुद्रे येतात. त्यात लायनिंगचे तुकडे दिसले, म्हणजे करडे-तपकिरी, नखानं भुगा होणारे, तर समजून घ्या की आज ना उद्या खोलाच लागणार.

पाणी निथळलं की वरचं झाकण खोला अन् लिव्हर पूर्ण मागं ओढून दोरीनं सीटच्या फ्रेमले बांधून टाका. स्प्रिंगचा दाब प्लेटांवरून निघाला पाहिजे, हे मुख्य. आता गंज सोडणारं तेल प्लेटांच्या काठावर मारा, स्प्रे चालते, डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल टाकून पिचकारीनं मारलं तरी चालते. वरून जेवढ्या प्लेटा दिसतात तेवढ्यावरच मारता येते, म्हणून बॅटरीची तार जोडून, ओंडके काढून गाडी थोडी पुढं घ्या, ड्रम फिरवा अन् उरलेल्या भागावर मारा. मग सोडून द्या. रोज सकाळी एक फेरी मारा, पितळी सळईनं प्लेटांच्या काठावर हलक्या हातानं ठोका. घण नको, छिन्नी तर नकोच, दाते वाकले की प्लेट ड्रममध्ये सरकतच नाही. बारीक पातं दोन प्लेटांच्या मधात जात असन तर घाला, जबरदस्ती करू नका. काही लोकं लगेच गॅसचा टॉर्च लावतात. डिझेल मारलेल्या बंद खोलीत आग, विचार करा ना बावा. आग नाही लागली तरी प्लेट वाकडी होते अन् लायनिंग जळते ते वेगळंच.

चार-आठ दिवस मुरू दिलं की मग ब्रेकचा डाव. मले हाच उपाय सगळ्यात भरोशाचा वाटते. ओंडके पुन्हा लावलेले, ब्लेड खाली, जवळ कोणी उभं नाही. इंजिन गरम करा. पहिला गिअर, दोन्ही लिव्हर मागं ओढलेले, म्हणजे चांगली बाजू सुटलेली अन् जाम बाजू नावाले ओढलेली. आता जाम बाजूचा ब्रेक पायानं पक्का दाबा अन् मेन क्लच, म्हणजे इंजिन अन् गिअरबॉक्सच्या मधातला, हळू हळू सोडा. ब्रेकनं बाहेरचा ड्रम धरलेला आहे, इंजिन आतला ड्रम फिरवाले पाहते, सगळा जोर त्या चिकटलेल्या गठ्ठ्यावर येते. एकतर इंजिन दबून बंद पडते, नाहीतर ब्रेक घसरते, नाहीतर "टण्" करून प्लेटा सुटतात. नाही सुटल्या तर रिव्हर्स टाकून तसंच करा, मग पुन्हा पुढं. पुढं-मागं केल्यानं गंज तुटते. रेस अर्धीच ठेवा. पूर्ण रेस देऊन मेन क्लच झटक्यात सोडणारे बहाद्दर आहेत, त्यांच्या बेव्हल गिअरचे दाते मग तळाशी सापडतात, अन् त्याच्यापुढं क्लचचा खर्च काहीच नाही. ब्रेकच घसरत असन तर आधी ब्रेकचा पट्टा टाइट करा, त्याच्याशिवाय हा डाव लागत नाही.

सुटला की काम संपलं नाही, कारण आत आता तेल-डिझेल अन् गंजाचा लगदा आहे, असाच कामाले लावला तर क्लच घसरते. धुवा. ड्रेन बोल्ट लावा, ड्रमचा खालचा काठ बुडेल इतकं रॉकेल किंवा डिझेल टाका (रेशनचं रॉकेल आता कुठं मिळते म्हणा), थोडा वेळ गाडी रिकामी सरळ चालवा, मग थांबून थांबून लिव्हर ओढत-सोडत राहा, अन् गरम असतानाच सगळं काढून टाका. पाणी काळं निघन. दुसऱ्यांदा साफ डिझेल घालून तसंच.

इथं एक गोष्ट कान देऊन ऐका. डिझेल पेट घेत नाही असं आपण समजतो, पण आपल्याकडच्या डिझेलच्या मानकात, आयएस 1460 मध्ये, फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ ठिणगीनं पेटाले लागते ते तापमान, कमीत कमी 35 अंश एवढाच मागितला आहे. मे महिन्यात अकोल्या-चंद्रपुराले पारा 45 च्या वर जाते, म्हणजे त्या उन्हात उघड्या डिझेलची वाफ ठिणगीनं पेटू शकते. हे धुणं सकाळी लवकर करा, बिडी लांब, वेल्डिंग बंद, अन् क्लच घासून तापवू नका. पेट्रोल तर चुकूनही टाकू नका. धुवून झाल्यावर ड्रेन बोल्ट काढून, झाकण उघडं ठेवून रातभर वाळू द्या, दुसऱ्या दिवशी हलक्या कामावर घेऊन दोन्हीकडं वळवत राहा. उरलेला वरवरचा गंज प्लेटा स्वतःच घासून काढतात.

एवढं करूनही नाही सुटला, किंवा सुटला पण झटके देते, तर खोला. टाकी, सीट, झाकण, ब्रेकचा पट्टा, मग फ्लॅन्जचे बोल्ट. काढाच्या आधी सगळ्या जोडांवर छिन्नीची खूण किंवा पेंट मारा अन् मोबाइलनं फोटो काढा. हा गठ्ठा हातानं उचलाचा नाही, अन् कडुलिंबाच्या फांदीले चेनपुली टांगाची तर सवयच सोडा, पाइपची मजबूत तिवई करा. स्प्रिंगांचे बोल्ट एकदम काढले तर झाकण तोंडावर येते. लांब आट्याचे बोल्ट समोरासमोर लावून, प्रत्येकाले थोडं थोडं ढिलं करत स्प्रिंग उतरवा. हे पह्यल्यांदा करत असाल तर जाणता मिस्त्री सोबत घ्या. वणी, घुग्घुस, बल्लारपूर, उमरेड या कोळशाच्या पट्ट्यात खाणीच्या मशीनवर हात बसलेले मिस्त्री मिळतात, लायनिंग चिकटवून देणारेही तिकडं अन् नागपुरात आहेत.

लायनिंगचा भुगा कॉम्प्रेसरनं उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, ओल्या फडक्यानं पुसा अन् तोंडाले मास्क लावा. लोखंडी प्लेट वायर ब्रश अन् एमरीनं साफ करा, जाड काचेवर ठेवून खालून उजेड दिसते का पाहा. दिसला तर वाकलेली आहे. खोल खड्डे पडलेली किंवा निळी झालेली प्लेट बदला. मग ड्रमच्या दात्यांवरून नख फिरवा. प्लेटांनी पाडलेल्या खाचा नखाले लागतात. बारीक असतील तर कानशीनं काढता येतात, खोल असतील तर नवीन प्लेटा घातल्या तरी त्या खाचेत अडकून क्लच पुन्हा सुटणार नाही, अन् लोकं इथंच पैसे वाचवतात. लायनिंगवाल्या प्लेटा अर्ध्या जुन्या अर्ध्या नव्या नको, पूर्ण सेट, अन् गठ्ठ्याची एकूण जाडी पुस्तकाप्रमाणे. बेव्हल गिअरकडचं अन् फायनल ड्राइव्हकडचं (म्हणजे ट्रॅक फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरकडचं), दोन्ही ऑइल सील बदलूनच बंद करा. रिलीज बेअरिंगले (लिव्हर ओढल्यावर क्लच दाबून सोडवते ते बेअरिंग) ग्रीस बेताचं, जास्तीचं उडून प्लेटांवरच बसते.

अन् पुढच्या पावसाळ्यासाठी: मृगाच्या आधी गाडी उंच जागी उभी करा, दोन्ही लिव्हर मागं ओढून बांधा, सीटवर अन् लिव्हरच्या खाचेवर ताडपत्री टाका. स्प्रिंग महिनोन् महिने दाबून ठेवली तर ढिली होते असं म्हणणारे भेटतील, मले तर बांधलेला लिव्हर परवडते, चिकटलेला गठ्ठा नाही. लिव्हर बांधले आहेत अशी चिठ्ठी गिअरले अडकवा, नाहीतर कोणी तशीच चालू करन. गाडी उभी आहे तोपर्यंत ड्रेन बोल्ट काढून ठेवा, टूलबॉक्समध्ये सुतळीनं बांधून. नाल्यात किंवा शेततळ्याच्या चिखलात उतराच्या आधी तेवढा आठवणीनं लावा.